खाडे धरून बोला

फेब्रुवारी लागला. पनवेलच्या स्टेशनरीच्या दुकानांत यंदाचे प्लॅनर निम्म्या किमतीत आले. एक जानेवारीला हेच प्लॅनर रुपयाने खाली यायला तयार नव्हते. तुमच्या संकल्पाचं आयुष्य किती, हे तुमच्या आधी दुकानदाराला कळतं.

जाड पुठ्ठा, आत रेशमी फीत, शेवटी स्टिकरचं पान. पहिल्या पानावर 'माझी स्वप्नं', दुसऱ्यावर 'माझी ध्येयं', तिसऱ्यावर पाण्याचे आठ ग्लास. प्यायला की रंगवायचा. बालवाडी सोडून चाळीस वर्षं झालेला गृहस्थ स्केचपेन घेऊन ग्लास रंगवत बसतो.

पाणी प्यायचं राहून जातं.

आणि लिहितो काय? पहाटे पाचला उठणे. योगासनं. पाच किलोमीटर चालणे. रोज वीस पानं वाचन. जर्मन शिकणे. शेअर बाजार समजून घेणे. दर रविवारी कर्नाळा किल्ला. आणि अगदी तळाला, जागा उरली म्हणून: कुटुंबाला वेळ देणे.

कुटुंबाने ते पान वाचलेलं असतं. कुटुंब काही बोलत नाही. कुटुंबाने गेला फेब्रुवारीही पाहिलेला असतो.

जरा बेरीज करू, ऑफिस मुंबईत धरून. हार्बर लाइनच्या लोकलने पनवेल ते सीएसएमटी साधारण एक तास वीस मिनिटं. जाऊन-येऊन दोन तास चाळीस. घर ते स्टेशन रिक्षा, स्टेशन ते ऑफिस पायपीट, मध्ये इंडिकेटरकडे बघत उभं राहणं, मिळून तास. ऑफिस नऊ तास. झोप सात. आंघोळ, जेवण, आवराआवर दोन. झाले एकवीस तास चाळीस मिनिटं.

उरले दोन तास वीस मिनिटं. त्यातच भाजी, मुलांचा अभ्यास, सोसायटीची मीटिंग, गावाहून आलेला फोन. शिवाय 'जरा बघतो' म्हणून हातात घेतलेला मोबाइल. त्यात किती वेळ गेला हे मोबाइल स्वतः मोजून ठेवतो. तेवढं एक पान आपण कधी उघडत नाही.

आता ध्येयांची बेरीज. योग अर्धा तास, चालणं एक, वाचन पाऊण, जर्मन एक, शेअर बाजार एक. सव्वाचार तास. सव्वादोन तासांच्या दिवसात सव्वाचार तास बसवायचे. एवढी गर्दी हार्बरलाही झेपत नाही.

मग कोणीतरी म्हणतं, अहो, वेळ मिळत नसतो, काढावा लागतो.

असं म्हणणाऱ्याकडे बहुधा ड्रायव्हर असतो.

संकल्पाच्या बाजारात एक गोष्ट हमखास खपते. म्हणे 1953 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात फक्त तीन टक्के मुलांनी आपली ध्येयं कागदावर लिहिली होती. वीस वर्षांनी बघितलं तर त्या तीन टक्क्यांकडे उरलेल्या सत्त्याण्णवांपेक्षा जास्त पैसा. सभागृहात टाळ्या. बाहेर टेबलावर प्लॅनर.

असा अभ्यास झालेलाच नाही. खुद्द येलकडे त्याची कसलीही नोंद नाही. ध्येय लिहिणारे श्रीमंत झाल्याचा पुरावा म्हणून ही गोष्ट बाद. ही गोष्ट सांगणारे श्रीमंत झाल्याचा पुरावा मात्र स्टेजवर उभा असतो.

दुसरी गोष्ट एकवीस दिवसांची. एकवीस दिवस रेटलं की सवय लागते म्हणे. हे आलं कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा आपलासा वाटायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण. पुढे वाटेत 'किमान' गळालं, चेहरा गळाला, एकवीस तेवढे राहिले.

नाक बदललेल्या माणसाचा हिशेब आपण पहाटे उठायला लावतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर हेच तपासून पाहिलं. रोज एक साधी गोष्ट करायची. ती अंगवळणी पडायला किती दिवस? मधला आकडा निघाला 66. सर्वात लवकरचा 18, सर्वात उशिराचा 254. ग्लासभर पाणी पिणाऱ्यांना लवकर जमलं, व्यायामवाल्यांना जास्त वेळ लागला. हे सांगायला लंडन कशाला, हे खरं. पण आता आकडा आहे.

आपल्या गावाचंच बघा. पनवेलची नगरपालिका 1852 ची. महापालिका झाली 1 ऑक्टोबर 2016 ला. गावाने मोठं व्हायला 164 वर्षं घेतली. आपल्याला जानेवारीत व्हायचं असतं.

खरं तर पनवेलकराला हे कोणी शिकवायला नको. ठरलेली तारीख काय चीज असते, हे आपल्याइतकं कोणाला कळतं?

नवी मुंबईचा विमानतळ घ्या. 2007 मध्ये केंद्राची तत्त्वतः मंजुरी. 18 फेब्रुवारी 2018 ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन. तेव्हा सांगितलं, 2019 च्या अखेरीस पहिलं विमान. उद्घाटन झालं 8 ऑक्टोबर 2025 ला, प्रवासी विमान उडालं 25 डिसेंबरला. उलव्याची टेकडी कापायची होती, नदी वळवायची होती, दहा गावं हलवायची होती. तारीख मात्र अशी दिली, की जागा जणू आधीच सपाट आणि रिकामी होती.

'एअरपोर्टपासून दहा मिनिटं' ही जाहिरात वाचून ज्यांनी तेव्हा फ्लॅट घेतले, त्यांचे केस पिकले. दहा मिनिटं अजून तीच आहेत.

मेट्रो घ्या. बेलापूर ते पेंधर, 11 किलोमीटर, 11 स्टेशनं. काम सुरू 2011 मध्ये, गाडी सुरू 17 नोव्हेंबर 2023 ला. किलोमीटरला वर्ष पडलं, वर आणखी वर्ष-दीड वर्ष. खारघरकरांनी त्या खांबांवर किती नेत्यांचे वाढदिवस पाहिले. गाडी सोडून सगळं येऊन गेलं.

मुंबई-गोवा महामार्ग तर आपल्या पळस्प्यापासूनच सुरू. पळस्पे ते इंदापूर, 84 किलोमीटर. रुंदीकरण सुरू झालं 2011 मध्ये, व्हायचं होतं तीनेक वर्षांत. एक तप उलटून गेलं तरी गणपतीला निघालेला चाकरमानी वडखळ यायच्या आतच बाप्पाचा धावा करत होता.

आता याउलट आषाढीची वारी घ्या. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. पायी, भर पावसात, तीन आठवड्यांच्या आत, पुण्यातला मुक्काम धरून. निधीअभावी एकादशी पुढे ढकलली, असं कधी ऐकलंय?

गंमत बघा. वारीत रोजचं अंतर पाय बघून ठरलेलं असतं. विसावे ठरलेले, मुक्काम ठरलेले, उतारवयातल्या माणसालाही झेपेल एवढीच चाल. पिढ्यान्‌पिढ्या चालून झाल्यावर बनलेलं वेळापत्रक आहे ते. चालायच्या आधी बसून रंगवलेलं नव्हे.

बाय द वे, आपण राहतो तेही प्लॅनरांच्याच कृपेने. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी 1960 च्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर मांडलं. ते उभारायला 1970 मध्ये सिडको झाली. हेतू असा, की सरकारी कचेऱ्या, नोकऱ्या, बाजार इकडे यावेत आणि मुंबईवरचा भार कमी व्हावा. बाजार आले. मंत्रालय जागचं हललं नाही. तिकडे नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टॉवर उभे राहिले.

भार किती कमी झाला ते सकाळी सव्वाआठच्या लोकलला विचारा.

सरकारची तारीख चुकली की आपण नाक्यावर उभे राहून हसतो. आपल्या प्लॅनरमधली चुकली की 'यंदा जरा धावपळच झाली'. धावपळ मागच्या वर्षी नव्हती का? त्याच्या मागच्या वर्षी?

डॅनियल कानेमन यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अंदाज का चुकतात यावरच संशोधन केलेला माणूस. पुढे 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल. इस्रायलमध्ये असताना शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात ते होते. एक दिवस त्यांनी सगळ्यांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं: पुस्तक पुरं व्हायला किती काळ लागेल? सगळ्यांच्या चिठ्ठ्यांत साधारण दोन वर्षं.

मग गटातल्या अनुभवी तज्ज्ञाला विचारलं, अशी पुस्तकं करणारे बाकीचे गट तुम्ही पाहिलेत, त्यांना किती लागली? तो जरा ओशाळला. म्हणाला, चाळीसेक टक्के गटांनी तर मध्येच सोडून दिलं. उरलेल्यांना सात ते दहा वर्षं. आणि आपला गट? जरा कमीच पडतो.

पाच मिनिटांपूर्वी त्याच्याही चिठ्ठीत दोनच वर्षं होती.

हे ऐकून त्यांनी काय केलं? थोडा वेळ चर्चा केली आणि काम पुढे चालू ठेवलं. पुस्तक झालं आठ वर्षांनी. तोवर शिक्षण खात्याचा उत्साह मावळला होता. ते वापरलंच गेलं नाही.

पुस्तकाचा विषय होता, निर्णय कसे घ्यावेत.

म्हणजे अंदाज चुकवायला अडाणी असावं लागत नाही. शिकलेल्या माणसाचा चुकीचा आकडा फक्त सुबक अक्षरात असतो.

आणि यावरचा उतारा पनवेलमधल्या जवळपास प्रत्येक स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये कालनिर्णय काढलं ते तिथी-वार, सणवार बघायला. घरातल्या बायकांनी त्याची वही करून टाकली. चार तारखेच्या चौकटीत 'गॅस लावला'. अकराला 'बाई नाही'. दुधाचे खाडे. इस्त्रीचे कपडे. वाण्याचे दिलेले पैसे.

त्यात एकही स्वप्न नाही. सगळं घडलेलं.

मागचे तीन सिलिंडर किती दिवस गेले, हे त्या चौकटींत लिहिलेलं असतं. म्हणून चौथा कधी संपणार ते गृहिणीला कळतं. मे महिन्यात माहेरची मंडळी येणार असली की ती आठ दिवस कमी धरते. दिवाळीच्या फराळाला आणखी कमी. गणपतीत मोदकांचं वेगळं. तिला कोणी प्रेरणादायी भाषण दिलेलं नाही. पण पाहुणे पानावर बसलेले असताना तिच्या घरातला गॅस संपत नाही.

नवरा त्याच स्वयंपाकघरात येतो, पाणी पितो, आत जाऊन ग्लास रंगवतो.

पेशव्यांच्या दफ्तरातली रोजनिशीही याच जातीची. काय आलं, काय गेलं, कोणाला काय दिलं, कोणता हुकूम सुटला. कारकुनाने तिथे 'उद्यापासून पहाटे उठावे' असं स्वतःबद्दल खरडलं असतं, तर परवापासून तो घरी बसला असता. समर्थांनी तर दासबोधात माणसाचा दिवस कसा असावा हे एका समासात उरकलं. आपल्याला 365 पानं लागतात, वर स्टिकर.

तर झालेलं आधी, व्हावंसं वाटणारं नंतर. आपण उलटं करतो. गेल्या वर्षीचा प्लॅनर असेलच कपाटावर, लग्नाच्या अल्बमखाली. काढा खाली. शेवटचं भरलेलं पान कुठलं? 19 जानेवारी? मग तुमचा पल्ला एकोणीस दिवसांचा. त्यात लाजण्यासारखं काय आहे? एकोणीस दिवसांत होईल असं काहीतरी ठरवा. करा. मग पुढचे एकोणीस.

रोज वीस पानं? गेल्या वर्षी पुस्तकं किती संपवली? एक, आणि तेही मुळात दिवाळी अंक? मग यंदा दोन म्हणा. बारा म्हणू नका. बाराचा फक्त फोटो निघतो.

दर रविवारी कर्नाळा? गेल्या वर्षी किती वेळा? एकदा, तेही खालूनच. हायवेवरून सुळका दाखवला, वडापाव खाल्ला, गाडी वळवली. यंदा तीनदा वर चढलात तरी थोर. तीनदाच लिहा, आणि थंडीतल्या तारखा टाका. मे महिन्यातली टाकाल तर तुम्हालाच खाली आणावं लागेल.

आणि रविवारच का? आठवडाभर जे जमलं नाही ते सगळं रविवारच्या चौकटीत कोंबायचं, ही कुठली रीत? रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असतो. रेल्वेला कळतं की आठवड्यातून काही तास गाड्या थांबवल्याशिवाय रूळ टिकत नाहीत. प्रवाशाला कळत नाही.

गाव कुठलं, मोसम कुठला, हेही बघायला नको? प्लॅनर छापणाऱ्याला पनवेल माहीत नाही. मे महिन्याच्या पानावर तो छापतो 'पहाटेचं ध्यान'. पनवेलला स्वतःचं देहरंग धरण आहे आणि उन्हाळ्यात ते तळ गाठतं. मे महिन्यात पनवेलकर पहाटे उठतोच. ध्यानही लागतं.

नळाकडे.

जुलैच्या पानावर 'रोज दहा हजार पावलं'. कळंबोलीत आणि कामोठ्यात पाणी साचलं, गाड्या रखडल्या, की ती दुपारीच पूर्ण होतात. त्यासाठी पानाची गरज नाही.

आता कंपनीतली मंडळी घसा खाकरून 'स्मार्ट' काढतील. जॉर्ज डोरन या अमेरिकन सल्लागाराने 1981 मध्ये एका व्यवस्थापन मासिकात ही कसोटी मांडली, कंपन्यांच्या मॅनेजरांसाठी. ध्येय नेमकं हवं. मोजता यावं. कोणी करायचं ते ठरलेलं असावं. झेपणारं असावं. मुदत असावी. पुढे जगभर फिरताना 'कोणी करायचं' हे कलम बहुतेक ठिकाणी गळालं, त्याच्या जागी 'साध्य होईल असं' आलं. आपल्याकडे घरोघरी मूळ कलमच चालू आहे.

नवऱ्याचं ध्येय: दहा किलो वजन कमी करणे. कोणी करायचं: बायकोने. नाचणीची भाकरी तिने थापायची, मेथ्या तिने भिजत घालायच्या, दुधी तिने किसायचा, पाचचा गजर तिने बंद करायचा. मार्चपर्यंत वजन उतरतंही.

बायकोचं.

मुलाचं ध्येय: नव्वद टक्के. ठरवलं बाबांनी. पाठपुरावा आईकडे. अभ्यास क्लासवाल्यांकडे. मुलगा कुठे आहे, जरा बघा.

झेपणारं ध्येय म्हणजे काय, याची दुसरी काहीही व्याख्या करा. जे करताना घरातल्या दुसऱ्या माणसाचं काम वाढतं, ते तुम्हाला झेपणारं नाही. ते त्या माणसाला झेपतंय, एवढंच.

प्लॅनरमध्ये कधीही न लिहिलेलं आणि तरी महिन्याच्या महिन्याला पार पडणारं एकच ध्येय पनवेलमध्ये आहे: फ्लॅटचा हप्ता. पाच तारखेला बँक विचारत नाही, आज मूड कसा आहे?

किंवा बायकांची भिशी. ठरलेली रक्कम, ठरलेली तारीख, दहा-बारा जणींचे डोळे. एक महिना टाळलात तर पुढच्या महिन्यात चिवड्याबरोबर टोमणा. त्यामानाने जिम बुडवणं किती सोपं. वर्षाचे पैसे भरून घेतलेला जिमवाला तुमची वाट बघत नसतो. उलट पैसे भरलेले सगळे एकाच दिवशी आले तर त्याचीच पंचाईत.

पण म्हणून ध्येय चारचौघांत जाहीर करू नका. नव्या प्लॅनरचा फोटो स्टेटसला टाकला, शंभर अंगठे आले, 'प्रेरणादायी!' असं मावशीने लिहिलं, की काम निम्मं झाल्यासारखं वाटतं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हे कायद्याच्या विद्यार्थ्यांत तपासलं. ज्यांच्या निश्चयाची दुसऱ्याने दखल घेतली, त्यांनी पुढे त्या कामाला कमी वेळ दिला. मावशी निर्दोष आहे. तिने फक्त अंगठा दिला.

मग भिशी कशी चालते? तिथे कौतुक होत नाही. वसुली होते.

राहिला खाडा. प्लॅनरवाले ज्याने मरतात तो हाच. अकरा दिवस सलग ग्लास रंगवले, बाराव्या दिवशी चुलतभावाच्या हळदीला पेणला जावं लागलं, ग्लास पांढरा राहिला. झालं. तेराव्या दिवसापासून वही बंद. 'साखळी तुटली' म्हणे. मोबाइलच्या ॲपमध्ये तर तुटलेल्या साखळीचं चित्रच येतं, दुःखी चेहऱ्यासकट. शंभर रुपयांचं रिचार्ज संपलं तरी आपण एवढे हळवे होत नाही.

दुधाचा खाडा महिनाअखेरीस वजा होतो. दूध बंद होत नाही. लॅलीबाईंच्या त्याच अभ्यासात हेही निघालं होतं, की अधूनमधून एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. 254 दिवसांच्या वाटेवर एका दिवसाचं काय ते कौतुक?

म्हणून खाडे आधीच धरा. महिन्याचे चार तरी. एक हळदीचा, एक मुलाच्या तापाचा, एक मेगाब्लॉकचा, एक निव्वळ कंटाळ्याचा. कंटाळ्याला चौकट न देणारा प्लॅनर माणसांसाठी छापलेला नाही.

एवढं करून वही हवी का? हवी तर घ्या. पण वार-तारीख छापलेली नको. कोरी शंभर पानी बरी. तिच्यात कोणी तुमच्या आधी येऊन ग्लास काढून ठेवलेले नसतात.

आणि यंदाचं गेलं म्हणून रडत बसू नका. मराठी माणसाला नव्या वर्षांची कमतरता नाही. एक जानेवारी हुकला तर गुढीपाडवा आहे. तो हुकला तर 1 एप्रिलला आर्थिक वर्ष. मग जूनमध्ये शाळा. मग दिवाळीचा पाडवा. इतकी नवी वर्षं हाताशी असल्यावर एखादं जुनं नीट संपवायची घाई कोणाला असणार?

येत्या पाडव्यासाठी विनंती एवढीच. एकच ओळ लिहा. गेल्या वर्षी खरोखर जितकं जमलं, त्याच्या जेमतेम पुढची. खाडे वजा करून. स्टेटसला न टाकता. आणि ओळ वजनाची असेल, तर भाकरी तुमची तुम्ही थापा.